तीन खाने अपुरे पडतात : निवडणूक, समाजमाध्यमे आणि भावनांचे मोजमाप

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला तुम्ही असाल, तर हा प्रकल्प तुम्ही पाहिलाच असेल. कदाचित केलाही असेल. निवडणुकीच्या काळातील काही हजार ट्वीट गोळा करायचे, त्यांतील लिंक, इमोजी आणि विरामचिन्हे काढून टाकायची, तयार मॉडेल चालवायचे आणि प्रत्येक ट्वीटवर ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ किंवा ‘न्यूट्रल’ असा शिक्का मारायचा. शेवटी पक्षवार तीन रंगांचा पाय चार्ट. अहवालाच्या निष्कर्षात एक वाक्य हमखास असते : समाजमाध्यमांवरील नकारात्मकतेमुळे समाजात ध्रुवीकरण वाढत आहे.

या टिपणात आपण त्या एका वाक्याची आणि त्यामागच्या पद्धतीची चिकित्सा करणार आहोत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. नकारात्मक भावना आणि ध्रुवीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकशाहीत राग येणे हा आजार नव्हे. एखाद्या कृतीवरचा राग उचलून जेव्हा एका संपूर्ण समूहावर ठेवला जातो, तेव्हा ध्रुवीकरण सुरू होते. तीन खान्यांच्या मोजणीत नेमकी हीच हालचाल दिसत नाही. म्हणून अशा प्रकल्पाची अॅक्युरसी कितीही चांगली आली, तरी तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो असे म्हणतो, त्या प्रश्नापर्यंत तो पोहोचलेलाच नसतो.

१. जयपूरमधला एक प्रकल्प

मी जयपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. राजस्थान विधानसभेसाठी २५ नोव्हेंबर २०२३ रोजी मतदान झाले आणि ३ डिसेंबरला निकाल लागला. मतदान झालेल्या १९९ जागांपैकी भाजपला ११५ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या; दोन्ही पक्षांच्या मतांमध्ये मात्र सुमारे दोन टक्क्यांचाच फरक होता. पुढच्या सत्रात माझ्याकडच्या एका गटाने याच निवडणुकीवर वरचा प्रकल्प केला. कोड स्वच्छ होता, आलेख नेटके होते. मी चांगले गुण दिले.

सादरीकरण संपल्यावर, त्या गटात नसलेल्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. तिची मोठी बहीण शिक्षक पात्रता परीक्षेला बसलेली होती. पेपरफुटीवर बहिणीने जे लिहिले ते तुमच्या आलेखात ‘निगेटिव्ह’मध्ये गेले असणार, बरोबर? आणि शेजाऱ्यांपासून सावध राहा असे सांगणारे जे संदेश आमच्या गल्लीच्या ग्रुपवर फिरत होते, ते कुठे गेले? गटाने दोन नमुने मॉडेलमध्ये टाकून पाहिले. ओळख पटू नये म्हणून मी शब्द बदलून देते. पहिले वाक्य : “तीन वर्षे तयारी केली, पेपर विकला गेला, जबाबदार कोण?” दुसरे : “बंधूंनो, प्रेमाने सांगतो, आपल्या मुलांना जपा, आपली वस्ती जपा, वेळ आहे तोवर एकत्र या.” पहिल्यावर ठळक निगेटिव्हचा शिक्का बसला. दुसरे पॉझिटिव्ह ठरले.

वर्गात हशा पिकला. मला हसू आले नाही. हा प्रश्न परीक्षक म्हणून मी विचारायला हवा होता.

त्या मुलीच्या प्रश्नाला पार्श्वभूमी आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षा झाली. तिच्यासाठी लाखो उमेदवारांनी अर्ज केले होते. पेपर फुटल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचा दुसरा स्तर रद्द करावा लागला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला वरिष्ठ शिक्षक भरतीचा सामान्य ज्ञानाचा पेपर फुटला. उदयपूरजवळ एका बसमध्ये उमेदवार तो सोडवताना पकडले गेले. २०२३ च्या प्रचारात हा मोठा मुद्दा होता. तो केवळ विरोधी पक्षाने उचलला असे नाही. सत्ताधारी काँग्रेसचेच नेते सचिन पायलट यांनी मे २०२३ मध्ये अजमेर ते जयपूर पदयात्रा काढली, तिच्यातही पेपरफुटीचा विषय होता. ज्या रागाला इतके ठोस कारण आहे, त्याला ‘नकारात्मकता’ म्हणून ध्रुवीकरणाच्या खात्यात टाकणे ही तांत्रिक चूक तर आहेच, शिवाय तो त्या उमेदवारांवर अन्यायही आहे.

२. शिक्का येतो कुठून?

मॉडेल चुकले म्हणजे ते बिघडले होते, असे समजू नका. त्याला जे शिकवले होते तेच त्याने केले. तुमच्यापैकी अनेक जण वापरत असलेल्या साधनांकडे एकदा नीट पाहा.

‘व्हेडर’ हे साधन हुटो आणि गिल्बर्ट यांनी २०१४ मध्ये मांडले. त्यात सुमारे साडेसात हजार इंग्रजी शब्द, संक्षेप आणि भावचिन्हे यांची यादी आहे. माणसांनी प्रत्येक शब्दाला उणे ४ ते अधिक ४ यांदरम्यान गुण दिले आणि त्यांची सरासरी घेतली. वाक्याचा अंतिम आकडा उणे १ ते अधिक १ असा येतो. ‘सेंटिमेंट१४०’ या प्रसिद्ध डेटासेटमध्ये १६ लाख ट्वीट आहेत, पण ती माणसांनी वाचून वर्गीकृत केलेली नाहीत. ज्यात हसरे भावचिन्ह होते ते पॉझिटिव्ह, ज्यात रडके होते ते निगेटिव्ह, असे यंत्रानेच ठरवले. मराठीत पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२१ मध्ये ‘महासेंट’ हा सुमारे १६ हजार ट्वीटचा डेटासेट खुला केला. त्यातील मजकूर माणसांनी तपासलेला आहे आणि तो महाराष्ट्रातील सार्वजनिक व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेला आहे. मराठीसाठी हे मोलाचे काम आहे. पण खाने तिथेही तीनच.

आता भाषेचा प्रश्न घ्या. ‘जाळ आणि धूर संगटच’ हे कोणी आपल्या नेत्याच्या सभेबद्दल लिहिले, तर ते कौतुक आहे. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’ हीदेखील दादच. शब्दाला गुण देणाऱ्या यादीला इथे आग, धूर आणि खूळ दिसणार. उलट बाजूने पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी शिंदे गटाविरुद्ध ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. आमदार विकले गेल्याचा आरोप, आणि यादीला त्यात दिसतो तो ‘एकदम ओके’. मराठी माणसाला जे एका क्षणात कळते, ते कळण्यासाठी खोका म्हणजे काय, घोषणा कोणाविरुद्ध आहे आणि ती कोणत्या आठवड्यात दिली गेली, हे माहीत असावे लागते. वाक्यात यांपैकी काहीच लिहिलेले नसते.

तुम्ही म्हणाल, शब्दयादी जुनी झाली. आता मोठी भाषा-मॉडेल आहेत, त्यांना संदर्भ कळतो. काही प्रमाणात हे खरे आहे. उपरोध ती अधिक चांगला ओळखतात. पण मॉडेल कितीही हुशार असले, तरी तुम्ही त्याला विचारता काय? ‘हे पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह?’ प्रश्न तोच राहिला, तर उत्तर अधिक अचूकपणे निरुपयोगी होते.

३. गोड शब्दांतील भीती

नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील एक घोषणा तपासून पाहा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धुळ्याच्या सभेत ‘एक हैं तो सेफ हैं’ अशी घोषणा दिली आणि ती काही तासांत सर्व माध्यमांवर पसरली. या वाक्यात एकही नकारात्मक शब्द नाही. ‘एक’ चांगले, ‘सेफ’ त्याहून चांगले. कोणतेही तीन खान्यांचे मॉडेल याला पॉझिटिव्हच म्हणेल.

पण ‘आपण एक असलो तर सुरक्षित’ या वाक्याचे न बोललेले दुसरे अंग असे की आपण सुरक्षित नाही. कोणापासून? हे वाक्य सांगत नाही. ऐकणारा भरून घेतो. समर्थकांनी त्याचा अर्थ दलित, आदिवासी आणि इतर मागासवर्गीय जातींमध्ये फूट पडू नये असा लावला, आणि धुळ्याच्या भाषणात जातींचा तो संदर्भ होताही. विरोधकांनी ती एका धर्माविरुद्धची हाक म्हणून वाचली, कारण त्याच प्रचारात उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांची ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणाही गाजत होती. प्रचार संपण्याच्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, राहुल गांधी यांनी मुंबईच्या पत्रकार परिषदेत चक्क एक तिजोरी आणून ‘सेफ’ या शब्दाचा दुसराच अर्थ लावला आणि तिच्यातून धारावीचा नकाशा बाहेर काढला. एका शब्दाचे तीन अर्थ, तीन श्रोतृवर्ग आणि तीन भावना. शिक्का मात्र एकच.

ही केवळ घोषणेपुरती गोष्ट नाही. पुण्यजॉय साहा, किरण गरिमेला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये भारतातील हजारो राजकीय व्हॉट्सॲप गटांतील सुमारे २० लाख संदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ‘द्वेषाची भाषा’ आणि ‘भीतीची भाषा’ यांत फरक केला. द्वेषाच्या भाषेत शिवी असते, अपमान असतो. भीतीच्या भाषेत बहुतेक वेळा माहिती असल्याचा आव असतो : अमुक इतकी लोकसंख्या, अमुक गावात काय घडले, उद्या तुमच्या गावात काय घडेल. सूर काळजीचा असतो. त्यांना आढळले की असे संदेश अधिक वेगाने पसरतात आणि विषारी मजकूर पकडणाऱ्या नेहमीच्या यंत्रणांच्या हातून सुटतात, कारण त्यांत विषारी शब्दच नसतात. आमच्या वर्गात ‘पॉझिटिव्ह’ ठरलेले ते “बंधूंनो” वाक्य याच जातीचे होते.

४. राग आणि भीती यांचे काम वेगळे

भावनांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ राग आणि भीती यांना एका खान्यात ठेवत नाहीत. दोन्ही अप्रिय आहेत, पण माणसाला त्या वेगळ्या दिशेने नेतात. जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत केलेल्या प्रयोगात, ज्यांच्यात भीती जागवली त्यांना पुढचा धोका मोठा वाटला. ज्यांच्यात राग जागवला त्यांना तो लहान वाटला. रागावलेल्या माणसाला वाटते की दोष कोणाचा हे मला ठाऊक आहे आणि काहीतरी करता येईल. घाबरलेल्या माणसाला काहीच निश्चित वाटत नाही. तो आसरा शोधतो, मग तो आसरा जात असो, धर्म असो किंवा एखादा नेता.

म्हणजे राग चांगला आणि भीती वाईट, असा सरळ निष्कर्ष काढायचा का? नाही. इथे राजस्थानचीच दोन उदाहरणे शेजारी ठेवू.

पहिले पेपरफुटीचे. हा राग एका कृतीवर होता : पेपर चोरला आणि विकला. तो एका यंत्रणेला प्रश्न विचारत होता. त्यात सर्व जातिधर्मांचे उमेदवार होते, कारण रद्द झालेली परीक्षा सगळ्यांचीच रद्द झाली. त्याला उत्तर देणे शक्य होते आणि काही प्रमाणात ते दिलेही गेले : राजस्थान विधानसभेने २०२२ मध्ये भरती परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला आणि २०२३ मध्ये दुरुस्ती करून जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. तो कायदा पुरेसा आहे का, हा वेगळा वाद. पण रागाला पत्ता होता आणि त्या पत्त्यावर तो पोहोचला.

दुसरे उदाहरण अधिक कठीण आहे. २८ जून २०२२ रोजी उदयपूरमध्ये दोघांनी एका शिंप्याची त्याच्या दुकानात हत्या केली. समाजमाध्यमावरील एका पोस्टचे कारण पुढे करून ही हत्या झाली आणि मारेकऱ्यांनी स्वतःच तिचा व्हिडिओ पसरवला. राज्यभर इंटरनेट बंद करावे लागले. तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. या घटनेवर राग येणे स्वाभाविक आणि योग्य होते. मारेकऱ्यांवरचा राग, पोलिसांनी वेळीच संरक्षण का दिले नाही हा राग, दोन्हींना पत्ता होता. २०२३ च्या प्रचारात हा विषय दोन्ही बाजूंनी आला : भाजपने काँग्रेस सरकारवर तुष्टीकरणाचा आरोप केला, तर मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी आरोपींचे भाजपशी संबंध असल्याचा प्रत्यारोप केला.

इथपर्यंत हा राजकीय वाद आहे. कडवा, पण वाद. पुढची पायरी वेगळी असते. ‘त्या दोघांनी मारले’ याचे ‘ते लोक मारतात’ होते. क्रियापदाचा काळ बदलतो : ‘मारले’ हा भूतकाळ, ज्याचा खटला चालू शकतो, ‘मारतात’ हा रीतीचा वर्तमान, ज्याचा खटला कुठेच चालू शकत नाही. कर्ता बदलतो : दोन नावांच्या जागी एक सर्वनाम येते. आणि मग ‘उद्या आपल्यालाही मारतील’ हा भविष्यकाळ. राग इथे भीतीत उतरतो. व्याकरणाचा हा तिहेरी बदल मी ध्रुवीकरणाची खूण मानते. मराठीत आणि हिंदीत तो सहज दिसतो. तीन खान्यांच्या मोजणीला मात्र तिन्ही वाक्ये सारखीच निगेटिव्ह.

पेपरफुटीचा रागही या वाटेने जाऊ शकतो, हे विसरू नका. ‘पेपर कोणी विकला?’ याचे ‘त्या जातीचेच लोक सगळ्या नोकऱ्या खातात’ झाले, की तोही कृतीवरून समूहावर सरकला. कोणताही पक्ष, कोणताही समाज यातून मुक्त नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आरक्षणाच्या मागणीवरचा राग बीडसारख्या जिल्ह्यात मराठा आणि ओबीसी यांच्यातील अविश्वासात उतरला. बीडमध्ये पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव झाला आणि त्यानंतर समाजमाध्यमांवरील पोस्टवरून गावागावांत तणाव झाले. आरक्षणाची मागणी सरकारकडे होती. तणाव शेजाऱ्यांमध्ये झाला.

५. पसरते काय, आणि ‘माहौल’ म्हणजे काय?

समूहाकडे बोट दाखवणारा मजकूर अधिक पसरतो, याला पुरावा आहे. स्टीव्ह राथजे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील वृत्तमाध्यमे आणि लोकप्रतिनिधी यांच्या २७ लाखांहून अधिक पोस्ट तपासल्या. विरोधी गटाचा उल्लेख करणारा प्रत्येक वाढीव शब्द पोस्ट शेअर होण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढवत होता. आपल्या विषयासाठी महत्त्वाचे हे की विरोधी गटाच्या उल्लेखाचा हा प्रभाव नकारात्मक शब्दांच्या प्रभावाच्या जवळजवळ पाचपट होता. म्हणजे ‘किती निगेटिव्ह’ यापेक्षा ‘कोणाबद्दल’ हा प्रश्न मोजमाप म्हणूनही अधिक कामाचा आहे. अभ्यास अमेरिकेतला आहे, तिथे मुख्य पक्ष दोनच. जात, धर्म आणि भाषा यांच्या आपल्या गुंत्याला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा, हे तो सुचवतो.

दुसरी अडचण मोजणीच्या एककाची. तुम्ही एकेक पोस्ट मोजता. प्रचार करणारे एकेका पोस्टचा विचार करत नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये राजस्थानातील कोटा येथे भाजपच्या समाजमाध्यम कार्यकर्त्यांसमोर बोलताना तत्कालीन पक्षाध्यक्ष अमित शहा यांनी उत्तर प्रदेशातील पक्षाच्या व्हॉट्सॲप गटांत ३२ लाख लोक असल्याचे सांगितले. अखिलेश यादव यांनी वडिलांना थप्पड मारल्याचा एक खोटा संदेश तिथे कसा सर्वत्र पोहोचला, हा किस्साही त्यांनी सांगितला. असे करू नये, पण त्यातून एक ‘माहौल’ तयार झाला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय त्या वेळच्या बातम्यांत आला होता. दुसरीकडे २०२३ मध्ये राजस्थानच्या काँग्रेस सरकारने समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींना त्यांच्या अनुयायांच्या संख्येनुसार सरकारी जाहिराती देण्याचे धोरण आणले. साधने वेगळी, समज एकच : एक संदेश मत बदलत नाही, माहौल बदलतो.

माहौल पाय चार्टमध्ये येत नाही. तो एकच गोष्ट पाच दिशांनी ऐकू येण्यातून तयार होतो : सकाळी काकांचा फॉरवर्ड, दुपारी रील, संध्याकाळी चहाच्या टपरीवर तीच चर्चा. त्यातला मोठा भाग बंद गटांत, आवाजाच्या क्लिपमध्ये आणि चित्रांवर लिहिलेल्या मजकुरात असतो. तुमच्या डेटासेटमध्ये यांपैकी काहीच नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने विनामूल्य डेटा देणे बंद करण्याची घोषणा केल्यापासून तर बरेच गट जुन्याच निवडणुकांचे संग्रह पुन्हा पुन्हा वापरताना दिसतात.

६. ‘दोष अल्गोरिदमचा’ हे उत्तर पुरते का?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक उत्तर फार आवडते : अल्गोरिदम संताप दाखवतो, म्हणून लोक दुभंगतात, अल्गोरिदम दुरुस्त करा. याचीही तपासणी करू.

अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीत संशोधकांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांची फीड तीन महिने केवळ काळाच्या क्रमाने लावली, म्हणजे अल्गोरिदमची निवड काढून टाकली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार लोकांनी या माध्यमांवर कमी वेळ घालवला, पण त्यांच्या ध्रुवीकरणात लक्षणीय फरक पडला नाही. त्या काळात कंपनीने फीडमध्ये तात्पुरते बदल केले होते, त्यामुळे तुलना निर्दोष नाही, असा आक्षेप २०२४ मध्ये घेतला गेला. दोन्ही वाचा.

बोस्नियात २०१९ मध्ये स्रेब्रेनित्साच्या स्मृतिदिनाच्या काळात काही लोकांनी फेसबुक बंद ठेवले. अपेक्षा होती की दुसऱ्या वंशाबद्दलचा कडवटपणा कमी होईल. झाले उलटे, ज्यांच्या आजूबाजूला फक्त स्ववंशीय राहत होते, त्यांच्यात ही वाढ ठळक होती. त्यांच्यासाठी फेसबुक हीच ‘दुसऱ्यां’शी भेट होण्याची जागा असावी, असे संशोधकांना वाटते. आणि बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी १,२२४ लोकांवर केलेल्या प्रयोगात, खोट्या बातम्या ओळखण्याचे तासाभराचे प्रशिक्षण देऊन सरासरीत काही फरक पडला नाही. भाजपशी जोडलेल्या लोकांत तर पक्षाला अनुकूल अशा खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता घटली.

या तीन अभ्यासांवरून अल्गोरिदम निर्दोष ठरत नाही. एवढेच ठरते की फक्त एक कळ फिरवून माहौल बदलत नाही. शेजार कसा आहे, पक्षाशी नाते काय आहे, हे सगळे त्यात असते. जयपूर असो वा पुणे, वस्त्याच जर जातिधर्मांनुसार वेगळ्या असतील, तर फोन बंद करून आपण कोणाला भेटणार आहोत?

७. मग प्रकल्प कसा करावा?

टीका करून थांबणे सोपे आहे, म्हणून एक पर्याय देते. पुढच्या वेळी तीन खान्यांऐवजी प्रत्येक पोस्टला चार प्रश्न विचारा.

पहिला : भावना कोणाबद्दल आहे? कृतीबद्दल, पदावरील व्यक्तीबद्दल, संस्थेबद्दल, की जन्माने ठरणाऱ्या समूहाबद्दल?

दुसरा : काळ कोणता आहे? घडलेली घटना, नेहमीची रीत, की येऊ घातलेला धोका?

तिसरा : याला उत्तर देऊ शकेल असे कोणी आहे का? मंत्री, आयोग, न्यायालय, पोलीस? की उत्तर मागितलेलेच नाही?

चौथा : वाचणाऱ्याने काय करावे असे सुचवले आहे? मत द्यावे, प्रश्न विचारावा, पुढे पाठवावे, की कोणाशी व्यवहार तोडावा?

पेपरफुटीचे वाक्य या चाळणीतून ‘कृती, घडलेली घटना, उत्तर मागितले आहे, प्रश्न विचारा’ असे बाहेर पडते. “बंधूंनो” वाक्य ‘समूह, येणारा धोका, उत्तर मागितलेले नाही, एकत्र या’ असे. आता ती दोन वाक्ये एका रंगात येऊच शकत नाहीत. ‘एक हैं तो सेफ हैं’वर तुमच्या गटात मतभेद होतील. होऊ द्या.

त्या मतभेदाचे काय करायचे, हे या पद्धतीतले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. किमान तीन जणांनी, शक्यतो वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या, स्वतंत्रपणे लेबल लावावे. एकेका जोडीची सहमती कोहेनच्या कप्पाने मोजावी. सवय अशी असते की कप्पा कमी आला, तर बहुमत घ्यायचे आणि पुढे जायचे. तसे करू नका. ज्या वाक्यांवर एका समाजातून आलेला विद्यार्थी ‘काळजी’ वाचतो आणि दुसरा ‘धमकी’ वाचतो, ती यादी वेगळी काढा. ध्रुवीकरणाचा खरा डेटा बहुधा तिथेच असतो. शंभर पोस्टवरचे असे काम पन्नास हजार पोस्टच्या पाय चार्टपेक्षा मला अधिक गुणांचे वाटते. हे करताना खोटी ओळख देऊन कोणाच्या ग्रुपमध्ये शिरू नका आणि अहवालात कोणाचे नाव किंवा जसेच्या तसे वाक्य छापू नका.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ती संथ आहे, लेबल लावणाऱ्यांचे पूर्वग्रह तिच्यात येतात आणि पोस्ट वाचून कोणाचे मत बदलले का, हे ती सांगू शकत नाही. कारण आणि परिणाम सिद्ध करायचे असतील तर प्रयोगच लागतो. निष्कर्षात तेवढाच दावा करा.

हे सगळे गुणांपुरते नाही. आज तुम्ही प्रकल्पात लावलेली लेबले उद्या तुमच्यापैकीच कोणी एखाद्या कंपनीत वापरेल : कोणती पोस्ट दडपायची, कोणती वर आणायची, कोणत्या मतदाराला काय पाठवायचे हे ठरवण्यासाठी. तीन खाने तसेच राहिले, तर पेपर फुटला म्हणून ओरडणारी मुलगी ‘नकारात्मक’ ठरून खाली ढकलली जाईल आणि प्रेमाने भीती वाटणारे काका वर येतील. त्या दिवशी आमच्या वर्गात एका छोट्या मॉडेलने हेच केले होते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या कुटुंबाच्या किंवा वर्गाच्या ग्रुपवर गेल्या निवडणुकीत आलेले पाच संदेश आठवा. वरचे चार प्रश्न त्यांना विचारा. तुम्ही स्वतः पुढे पाठवलेला एखादा संदेश त्यात आहे का?

२. ‘त्यांनी केले’, ‘ते करतात’ आणि ‘ते करतील’ या तीन रूपांतील फरक यंत्राला ओळखायला शिकवायचा असेल, तर मराठीत कोणते व्याकरणिक संकेत उपयोगी पडतील? हिंदीत आणि तुमच्या बोलीत कोणते?

३. प्रचारातील एखादी ‘पॉझिटिव्ह’ घोषणा निवडा. तिचे न बोललेले दुसरे अंग एका वाक्यात लिहा. मग वेगळ्या पक्षाला मत देणाऱ्या मित्राकडून किंवा मैत्रिणीकडून तेच लिहून घ्या आणि दोन्ही वाक्ये शेजारी ठेवा.